मुरगळलं, लचकलं, ताणलं गेलं : घरच्या घरी बरं होताना काय करावं, काय टाळावं

बॅकहँड (धागाकर्ता)

इथल्या खेळाच्या धाग्यांवर अधूनमधून एकच प्रश्न उगवतो: पाय मुरगळलाय, बर्फ लावू की शेकू? खाली धडाधड उत्तरं येतात आणि निम्मी उरलेल्या निम्म्यांच्या विरुद्ध असतात. म्हणून हा वेगळा धागा. मी डॉक्टर नाही. बॅडमिंटन खेळतो, आणि या विषयावर सापडेल ते वाचायची खोड आहे. इथे डॉक्टर, फिजिओ मंडळी आहेत, त्यांनी चुकेल तिथे कान धरावा.

माझं मत असं की बर्फ की शेक हा दुय्यम प्रश्न आहे. आधी विचारायचं ते हे: ही दुखापत घरी ठेवण्यासारखी आहे का? आणि असेल तर दुखऱ्या भागावर भार कधी, किती द्यायचा? बहुतेकांचं घोडं या दुसऱ्या प्रश्नावर अडतं. दुखतं तोवर आपण हलत नाही आणि दुखायचं थांबलं की थेट मैदानात. मधला सगळा टप्पा गायब. त्यामुळे तोच घोटा पुन्हा मुरगळतो आणि आपण नशिबाला बोल लावतो.

घोट्यापुरता पहिला प्रश्न सोडवायला एक चांगलं साधन आहे. कॅनडातल्या ओटावा इथल्या अपघात विभागातल्या डॉक्टरांनी 1992 मध्ये काही नियम मांडले, ते 'ओटावा घोटा नियम' म्हणून जगभर वापरले जातात. घोट्याच्या आतल्या आणि बाहेरच्या बाजूला हाडाचे जे दोन उंचवटे असतात, त्यांच्या टोकावर आणि मागच्या कडेवर, टोकापासून वर साधारण 6 सेंटिमीटरपर्यंत, बोटाने दाबून बघायचं. हाडावरच दुखत असेल तर एक्स-रे. दुखापतीनंतर लगेच आणि तपासतानाही चार पावलं टाकता येत नसतील, तरी एक्स-रे. लंगडत टाकलेली पावलं चालतात, त्यांना नापास करायचं नाही. पावलासाठी आणखी दोन जागा: बाहेरच्या कडेला साधारण मध्यावर करंगळीच्या लांब हाडाचं बूड लागतं ते, आणि आतल्या बाजूला कमानीच्या वरचं नॅव्हिक्युलर हाड. यातलं काहीच नसेल तर हाड मोडलेलं असण्याची शक्यता फार कमी.

आता बर्फाचा इतिहास, कारण वाद तिथूनच सुरू होतो. विश्रांती, बर्फ, दाब आणि पाय उंच ठेवणं या चार गोष्टींच्या इंग्रजी आद्याक्षरांचं 'राईस' सूत्र गेब मर्किन या अमेरिकन डॉक्टरांनी 1978 मध्ये आपल्या पुस्तकात दिलं. पुढे याच मर्किननी लिहिलं की बर्फ आणि पूर्ण विश्रांती या दोन्हींमुळे बरं व्हायला उलट उशीर होऊ शकतो. सूज हा शरीराच्या दुरुस्तीचाच भाग असतो, ती सगळी मारून टाकायची नसते, असा त्यामागचा विचार. 2019 मध्ये दुबोआ आणि एस्कुलिए या कॅनडातल्या फिजिओंनी 'पीस अँड लव्ह' हे नवं सूत्र मांडलं, त्यातून तर बर्फ वगळलाच. सुरुवातीला जपा, उंच ठेवा, पट्टी बांधा, सूज उतरवणाऱ्या गोळ्यांची घाई नको. मग हळूहळू भार, रक्ताभिसरण वाढवणारी हालचाल, व्यायाम, आणि मनात भीती न धरणं. हा तज्ज्ञांचा लेख आहे, मोठी चाचणी नव्हे, हे लक्षात ठेवून वाचावा.

बोला आता.

---

सांधेजोड

फिजिओ आहे. धागा चांगला काढलात. ओटावा नियमांना एक पुरवणी जोडते. मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झाली असेल, माणूस दारू प्यायलेला असेल, किंवा दुसरीकडे इतकं लागलंय की घोट्याकडे लक्षच नाही, तर हे नियम वापरू नका. त्यांचा सगळा भरवसा 'इथे दुखतं का' या उत्तरावर आहे.

बर्फाबद्दल मी मध्यममार्गी आहे. बर्फाने दुखणं कमी होतं, एवढं नक्की. दुखणं कमी झालं की माणूस झोपतो, पाय हलवतो, हा फायदा लहान नाही. पहिल्या दिवशी-दुसऱ्या दिवशी 10 ते 15 मिनिटं, मध्ये कापड ठेवून, दोन-तीन तासांच्या अंतराने लावला तर काही बिघडत नाही. थेट कातडीवर नको, भाजल्यासारखी जखम होते. बर्फ बांधून झोपून जाऊ नका. विशेषतः गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, जिथे पोटरीच्या बारीक हाडाचं डोकं लागतं, तिथून एक नस अगदी वरवरून जाते. तिथे फार वेळ बर्फ आणि घट्ट पट्टी एकत्र आली तर पाऊल वर उचलता न येण्याचा प्रकार झालेला आहे.

क्रेप बँडेज बोटांच्या बाजूने वरच्या दिशेला बांधायचं, खाली थोडं घट्ट, वर जाताना सैल. बोटं निळी-पांढरी पडली, मुंग्या आल्या, दुखणं वाढलं तर सोडून पुन्हा बांधा. रात्री काढलं तरी चालतं. पाय उंच म्हणजे हृदयाच्या पातळीच्या वर. खुर्चीत बसून पाय समोरच्या स्टुलावर, याला उंच म्हणत नाहीत!

साध्या मुरगळण्यात भार कधी द्यायचा? जमेल तितका लवकर. बहुतेकदा बाहेरच्या बाजूचा, घोट्याच्या पुढचा लिगामेंट (हाडाला हाडाशी बांधणारा पट्टा) ताणला किंवा फाटलेला असतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून पडल्यापडल्या पाऊल वर-खाली, मग हवेत पायाच्या बोटाने बाराखडी काढायची. टेकून उभं राहणं जमलं की दोन्ही पायांवर वजन वाटून घ्या, मग टाचा उचलणं. आणि मग ती गोष्ट जी नव्वद टक्के लोक करत नाहीत (हा माझा वैतागाचा आकडा आहे, संशोधनाचा नव्हे): एका पायावर तोल सांभाळणं. आधी भिंतीजवळ डोळे उघडे ठेवून, मग डोळे मिटून, मग उशीवर उभं राहून.

हे का करायचं? लिगामेंट नुसती दोरी नाही, सांधा कुठल्या कोनात आहे ही खबर तिथून मेंदूला जाते. ती खबर ढिली पडते म्हणून पाय पुन्हा वळतो. नेदरलँड्समध्ये 522 खेळाडूंवर झालेली आणि 2009 मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी आहे. सगळ्यांना आपापले नेहमीचे उपचार चालू होते. त्यातल्या अर्ध्यांना भर म्हणून 8 आठवडे घरच्या घरी, कोणाच्या देखरेखीशिवाय, तोलाचे व्यायाम दिले. वर्षभरात पुन्हा मुरगळण्याचं प्रमाण व्यायामवाल्यांमध्ये 22 टक्के, बाकीच्यांत 33 टक्के. मशीन नाही, जिम नाही.

---

उंटावरचा_शहाणा

एवढं पुराण वाचून माझाच घोटा दुखायला लागला. आम्ही आपलं मुरगळलं की कुणाकडून तरी कचकचून चोळून घ्यायचो आणि संध्याकाळी पुन्हा खेळायला. कुणाचं काही वाकडं झालं नाही.

---

सांधेजोड

@उंटावरचा_शहाणा, ज्यांचं वाकडं झालं ते नंतर खेळायला आलेच नसतील, म्हणून तुम्हाला दिसले नाहीत. :)

गमतीचा भाग सोडा. पहिल्या दोन-तीन दिवसांत जोराने चोळणं खरंच टाळा. मांडीला मुका मार बसतो तेव्हा तर नक्कीच. पुढच्या मोठ्या स्नायूत खोलवर रक्त साचतं. ते चोळून-चेपून पुन्हा पुन्हा डिवचलं तर काही जणांत त्या जागी चक्क हाड तयार व्हायला लागतं. याला मायोसायटिस ऑसिफिकन्स म्हणतात. दोन-तीन आठवड्यांनी गाठ घट्ट होत जाते आणि गुडघा वाकत नाही. मांडीच्या मुक्या माराला उलट पहिल्या दिवशी गुडघा सोसेल तितका वाकवून ठेवणं आणि पट्टी बांधणं बरं पडतं, म्हणजे स्नायू आखडून बसत नाही. कडक शेक आणि दारू या दोन गोष्टींनाही त्या दिवसांत सुट्टी.

---

रानवारा

माझा प्रश्न हॅमस्ट्रिंगचा आहे. फुटबॉल खेळताना धावता धावता मांडीच्या मागे खसकन चमक आली. थोडं काळंनिळं झालंय. चालता येतं, पण वाकलं की ओढतं. विश्रांती घ्या असं सांगितलंय. म्हणजे नेमकं काय करू? दिवसातून दोनदा स्ट्रेचिंग करतोय.

---

सांधेजोड

स्ट्रेचिंग आधी थांबवा. नुकत्या फाटलेल्या तंतूंना ओढून काय मिळणार? ओढल्यासारखं वाटतं म्हणून आपण आणखी ओढतो, पण ते आखडणं बहुतेक वेळा संरक्षणासाठी असतं.

चालत राहा, पावलं छोटी ठेवा. उताणं पडून गुडघे थोडे वाकवून टाचा जमिनीत दाबायच्या, काही सेकंद धरायचं, सोडायचं. हालचाल नाही, नुसता जोर. दुखणं सौम्य राहत असेल तर पुढे पाठीवर झोपून कंबर उचलणं: आधी दोन पायांवर, मग एका. नंतर उभं राहून कंबरेतून वाकणं. आणि शेवटी नॉर्डिक: गुडघ्यांवर बसायचं, कुणीतरी घोटे धरायचे, पाठ सरळ ठेवून हळूहळू पुढे झुकायचं आणि पडू न देता जमेल तितकं सावरायचं. पहिल्यांदा सगळेच धपकन पडतात, पुढे हात टेकायची तयारी ठेवा. हा व्यायाम नियमित करणाऱ्या संघांत हॅमस्ट्रिंगच्या दुखापती जवळपास निम्म्यावर आलेल्या दिसल्या आहेत.

हॅमस्ट्रिंगची खोड अशी की चालताना, जिना चढताना, हळू पळताना ते गुपचूप बसतं. सगळं बरं वाटतं. पूर्ण वेगात पाय पुढे फेकला की पुन्हा तिथेच. म्हणून परत येण्याआधी वेग टप्प्याटप्प्याने चढवायचा: अर्धा, पाऊण, मग पूर्ण, आणि मध्ये दिवस सोडून. पहिलीच पूर्ण धाव सामन्यात नको.

हो, एक राहिलं. बसायच्या हाडापाशी, अगदी वर, 'टक' असा आवाज होऊन मोठं काळंनिळं झालं असेल आणि बसवत नसेल, तर स्नायू हाडापासून सुटलेला असू शकतो. ते घरचं काम नाही.

---

टाकेवाला

अपघात विभागात काम करतो. वर बरंच चांगलं आलंय, मी फक्त 'घरी ठेवू नका' या बाजूचं लिहितो. कारण आमच्याकडे उशिरा येणाऱ्या खेळाडूंचं वाक्य ठरलेलं असतं: "वाटलं होईल बरं."

अकिलीस, म्हणजे टाचेमागची जाड शीर (रक्ताची नव्हे, स्नायू हाडाला जोडणारी दोरी, टेंडन). ती तुटताना माणसाला वाटतं की मागून कुणीतरी लाथ मारली. वळून बघतो तर कुणीच नाही. विशेष म्हणजे नंतर दुखणं फार नसतंही, आणि इतर स्नायूंच्या जोरावर माणूस चालतो, पाऊल थोडं खाली दाबूही शकतो. म्हणून घरी बसतो. पालथं झोपवून पावलं पलंगाबाहेर लोंबू द्या आणि पोटरी दाबा. चांगल्या पायाचं पाऊल हलेल. दुखऱ्याचं हललं नाही तर त्याच दिवशी रुग्णालय.

गुडघा: वळताना 'पॉप' झालं आणि दोनेक तासांत गुडघा टम्म फुगला, तर आत रक्तस्राव झालाय. बऱ्याचदा एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतला एक मुख्य लिगामेंट, फाटलेला असतो. दुसऱ्या दिवशी सकाळी हळूहळू आलेली सूज वेगळी. गुडघा अडकून पूर्ण सरळ होत नसेल तर गादीचा तुकडा (मेनिस्कस) मध्ये आलेला असू शकतो. जोर लावून सरळ करू नका.

मनगट: हात टेकून पडलात आणि अंगठ्याच्या मुळाशी, अंगठा ताणल्यावर जो खळगा दिसतो त्यात दाबल्यावर दुखतंय, तर स्कॅफॉइड हाडाची शंका घ्यायची. पहिला एक्स-रे साफ येऊ शकतो. म्हणून शंका असली की आम्ही मनगट आधार देऊन बांधतो आणि 10 ते 14 दिवसांनी पुन्हा बघतो, किंवा एमआरआय करतो. या हाडाला रक्तपुरवठा उलट्या बाजूने, टोकाकडून होतो, त्यामुळे दुर्लक्ष झालं तर ते जुळत नाही. "एक्स-रे नॉर्मल आहे" ऐकून खूश होऊन परत गोलंदाजी करणारे बघितलेत.

खांदा निखळला तर मित्राला तो बसवू देऊ नका, त्याने चित्रपटात कितीही वेळा पाहिलं असलं तरी.

आणि ज्यात तासांचा हिशेब असतो ते: पोटरी किंवा हाताच्या पुढच्या भागाला मार बसल्यावर दुखणं माराच्या मानाने खूपच जास्त, वाढत जाणारं, बोटं ओढली की असह्य, भाग दगडासारखा ताठ, मुंग्या. हा कंपार्टमेंट सिंड्रोम, म्हणजे स्नायूंच्या बंद कप्प्यात दाब वाढून रक्तपुरवठा अडणं. उंच ठेवू नका, बांधलेलं सगळं काढा आणि निघा. तसंच पाय बरेच दिवस पट्ट्यात किंवा प्लास्टरमध्ये असताना पोटरी एका बाजूने सुजून गरम झाली, किंवा अचानक धाप लागली, छातीत दुखलं, तर रक्ताची गुठळी असू शकते. वाट पाहू नका.

गोळ्यांचं थोडक्यात. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या एकाच जातीच्या गोळ्या, दोन्ही एकदम नकोत. रिकाम्या पोटी नकोत. अल्सर, मूत्रपिंडाचा त्रास, रक्त पातळ करणारं औषध, काही जणांचा दमा, यांत विचारल्याशिवाय नकोत. घामाने पाणी कमी झालेलं असताना तर मूत्रपिंडाला जास्तच जड जातात. पॅरासिटामॉल निरोगी प्रौढाला 24 तासांत 4 ग्रॅमच्या वर नाही, आणि सर्दीच्या गोळीतही ते असतं हे मोजणीत धरा. घोटा-मनगटाच्या ताज्या दुखापतीत डायक्लोफेनॅकचं जेल चांगलं काम करतं, पोटाला त्रासही कमी. गोळी खाऊन दुखणं दाबून सामना खेळणं हा मात्र निव्वळ आगाऊपणा.

---

गोलरक्षक

@टाकेवाला, बोटांचं कुणीच लिहीत नाही! चेंडू बोटाच्या टोकावर आदळतो तेव्हा काय? आमच्यात सगळे बोट ओढून 'सरळ' करतात.

---

टाकेवाला

ओढू नका. अंगठी असेल तर सूज यायच्या आत काढा, हे पहिलं काम. नुसतं ठेचलं असेल, बोट पूर्ण वाकत-सरळ होत असेल, तर शेजारच्या बोटाला चिकटपट्टीने जोडून ठेवा, मध्ये थोडा कापूस घालून.

पण टोकाचं पेर खाली लोंबतंय, दुसऱ्या हाताने सरळ होतं पण स्वतःहून होत नाही, तर ते मॅलेट फिंगर. वरची शीर सुटलेली असते. आधी एक्स-रे, मग बहुतेकांना शस्त्रक्रिया लागत नाही, फक्त शेवटचं पेर सरळ ठेवणारी पट्टी 6 ते 8 आठवडे, चोवीस तास. अट जाचक आहे: मध्ये एकदा जरी ते पेर वाकलं तर दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. धुवायला पट्टी काढताना बोट टेबलावर सपाट टेकवून ठेवायचं. लोक पाचव्या आठवड्यात "बघू तरी वाकतंय का" म्हणून वाकवून बघतात.

---

दीर्घपल्ला

धावणाऱ्यांच्या वतीने. आमच्या दुखापती धाडकन होत नाहीत, हळूहळू मुरतात. टाचेमागची शीर, नडगी, तळपाय. यात विश्रांती हा सगळ्यात फसवा उपचार आहे. महिनाभर बसलं की दुखणं जातं, धावायला लागलं की दोन आठवड्यांत हजर. शिरेला (टेंडनला) भार लागतो.

स्वीडनमधल्या हाकान अल्फ्रेडसन यांनी 1998 मध्ये प्रसिद्ध केलेला कार्यक्रम अजून वापरतात: पायरीच्या कडेवर उभं राहून दुखऱ्या पायाची टाच हळूहळू खाली सोडायची, वर येताना चांगल्या पायाने. 15 वेळा, तीन फेऱ्या, गुडघा सरळ ठेवून. तेवढंच गुडघा वाकवून. दिवसातून दोनदा, 12 आठवडे. कंटाळवाणं आहे खरं. हल्ली याहून कमी आणि जड वजनाने हळू केलेले प्रकारही तितकेच उपयोगी दिसलेत. शीर टाचेच्या हाडाला चिकटते तिथेच दुखत असेल तर मात्र पायरीच्या खाली टाच नेऊ नका, सपाट जमिनीवर करा.

व्यायाम करताना थोडं दुखलं तर चालतं का, याला एक नियम आहे. शून्य ते दहापैकी पाचपर्यंत दुखलं तरी चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते मूळ पातळीवर यायला हवं. सकाळी जास्त ताठर वाटलं तर कालचा भार जास्त झाला, एक पायरी मागे. मी धावण्यापेक्षा या सकाळच्या परीक्षेवर जास्त विश्वास ठेवतो. हा नियम शिरेच्या जुन्या दुखण्याचा आहे, ताज्या फाटण्याचा नव्हे.

नडगीबद्दल सावध राहा. हाडाच्या आतल्या कडेने वीतभर पसरून दुखतं आणि अंग तापलं की कमी होतं, ते बरं. पण एका बोटाने दाखवता येईल अशा एकाच जागी दुखतं, धावताना वाढतच जातं, रात्रीही ठणकतं, एका पायावर उडी मारवत नाही, तर स्ट्रेस फ्रॅक्चरची (ताणाने हाडाला पडलेल्या बारीक भेगेची) शंका. तिथे 'पाचपर्यंत चालेल' नाही. धावणं बंद आणि तपासणी.

अवांतर: सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिक्सनी शिरा, विशेषतः अकिलीस, कमजोर होऊन तुटू शकतात. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियंत्रण संस्थेने 2008 पासून त्यांच्यावर ठळक चौकटीत इशारा छापायला लावला. ही औषधं चालू असताना टाचेमागे दुखायला लागलं तर डॉक्टरांना लगेच सांगा.

---

चाफा

खूप माहितीपूर्ण धागा. माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे, फुटबॉल खेळतो. दोन शंका. खेळून आला की टाच दुखते म्हणतो, दोन्ही बाजूंनी दाबलं की कळवळतो. आणि परवा हेडर करताना दुसऱ्या मुलाच्या डोक्यावर डोकं आपटलं. थोडा वेळ गोंधळला होता, मग ठीक. रात्री झोपू द्यावं की नाही यावर घरात वाद झाला.

---

टाकेवाला

ताई, डोक्याचं आधी. आपटल्यावर गोंधळला म्हणजे कन्कशन (मेंदूला बसलेला हादरा) धरून चालायचं आणि एकदा डॉक्टरांना दाखवायचंच. त्या दिवशी परत खेळवायचं नाही, दहा मिनिटांत ठीक वाटला तरी. डोकेदुखी वाढत जाणं, पुन्हा पुन्हा उलटी, झटका, जागं करायला कठीण जाणं, डोळ्याची एक बाहुली मोठी दिसणं, बोलणं अडखळणं, हातापायात अशक्तपणा, मान दुखणं, यातलं काहीही दिसलं तर तडक रुग्णालय. तपासून झालं असेल आणि ही लक्षणं नसतील तर झोपू द्या. झोप लागते, बरं व्हायला ती हवीच. पहिली रात्र एकटं ठेवू नका एवढंच.

अंधाऱ्या खोलीत आठवडाभर डांबणं आता कुणी सांगत नाही. 2022 मध्ये ॲमस्टरडॅमला झालेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेची शिफारस अशी: 24 ते 48 तास सापेक्ष विश्रांती, त्या काळात मोबाइल-टीव्ही कमी, घरातली हलकी हालचाल चालेल, मग चालण्यापासून सुरुवात. आधी शाळा नीट जमू दे, मग खेळ, टप्प्याटप्प्याने, प्रत्येक टप्प्याला किमान एक दिवस. पुन्हा डोक्याला लागू शकेल असा सराव डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच.

टाचेचं सांधेजोड सांगतील, पण मुलांबाबत एक गोष्ट सगळ्यांनीच लक्षात ठेवा: त्यांच्या हाडांच्या टोकांजवळ वाढीच्या चकत्या असतात आणि त्या लिगामेंटपेक्षा कच्च्या असतात. मोठ्यात जिथे मुरगळतं, तिथे मुलात चकतीला इजा होऊ शकते. त्यामुळे "मुरगळलंय फक्त" हा निदानाचा शेरा मुलांसाठी जपून.

---

सांधेजोड

टाच दोन्ही बाजूंनी दाबल्यावर दुखते, हे वय, हा खेळ, म्हणजे बहुधा सेव्हर्स. टाचेच्या वाढीच्या चकतीवर पोटरीची शीर ओढत असते. घाबरण्यासारखं नाही, वाढ पूर्ण झाली की जातंच. खेळ पूर्ण बंद करू नका, आठवड्यातले खेळाचे दिवस कमी करा, बुटात टाचेखाली मऊ चकती घाला, अनवाणी कडक जमिनीवर उड्या नकोत. एकाच टाचेला सूज, ताप, रात्रीचं दुखणं किंवा लंगडणं असेल तर दाखवून घ्या.

---

पायरीवरचा

कुणी रोजच्या जगण्याचं लिहिलं नाही म्हणून लिहितो. व्यायाम दिवसात अर्धा तास, उरलेला वेळ घरात वावरायचं असतं.

एकच कुबडी किंवा काठी असेल तर ती चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात. सगळे उलट धरतात. जिन्यात चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. न्हाणीघरात ओल्या फरशीवर कुबडी सटकते, तिथे खुर्ची ठेवून बसून अंघोळ केलेली बरी. कुबडीचा वरचा भाग काखेत रुतवू नका, वजन तळहातांवर घ्या, नाहीतर काखेतल्या नसेवर दाब येऊन मनगट लुळं पडू शकतं. रात्रीच्या वाटेतली पायपुसणी आणि वायरी उचलून टाका. गुडघा दुखत असेल तर त्याखाली सतत उशी ठेवून झोपायचा मोह आवरा, काही दिवसांत तो सरळ व्हायला कुरकुरतो.

गाडी चालवण्याची घाई नको. जोरात ब्रेक दाबता येतो का, हा प्रश्न बंद गाडीत बसून विचारा.

---

उंटावरचा_शहाणा

बरं बाबांनो, मुद्द्याचं विचारतो. घोटा मुरगळून बरेच दिवस झाले, चालताना काही दुखत नाही. रविवारी सामना आहे. पट्टा बांधून उतरू का?

---

सांधेजोड

बघा, आलाच शेवटी. :) घोट्याचा पट्टा वाईट नाही. एकदा मुरगळलेल्यांना पुन्हा मुरगळण्यापासून तो खरंच वाचवतो, आणि त्याने स्नायू 'आळशी' होतात ही भीती फारशी खरी नाही. पण पट्टा हा परवाना नव्हे. घरी एवढं करून बघा. एका पायावर टाचा उचलणं, दुखऱ्या बाजूला चांगल्या बाजूइतक्याच वेळा जमतं का? डोळे मिटून एका पायावर दोन्हीकडे सारखंच उभं राहता येतं का? एका पायाची लांब उडी दुखऱ्या पायाने चांगल्याच्या किमान 90 टक्के जाते का? मग नागमोडी पळणं, अचानक थांबणं, वळणं. हे जमलं तर एक पूर्ण सराव खेळा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घोटा बघा, दीर्घपल्लांनी सांगितलं तसा.

एसीएलची शस्त्रक्रिया झालेल्यांनी हे स्वतःला लागू करू नये. तिथे नऊ महिन्यांच्या आत परतणाऱ्यांना पुन्हा इजा होण्याचा धोका स्पष्ट जास्त दिसलाय. तिथे चाचण्या आणि कॅलेंडर दोन्ही लागतात.

रविवारपर्यंत यातलं काही जमत नसेल तर पंच म्हणून उभे राहा.

---

उंटावरचा_शहाणा

आत्ताच डोळे मिटून उभा राहिलो. चांगल्या पायावर ठीक. दुसऱ्यावर कपाट धरावं लागलं.

---

बॅकहँड (धागाकर्ता)

मग पंचगिरीही नको, त्यांनाही पळावं लागतं. गुण लिहायला बसा, मी खुर्ची आणतो.